जूनची एकतीस तारीख

शिलाई मशीन चालवणाऱ्या बायका त्या भागात पुष्कळ होत्या, पण टाकेबाई एकच. हे नाव पडलं त्याला कारण असं, की उसवलेलं-फाटलेलं ती फुकट शिवून द्यायची. "नव्याचे पैसे घेते ना? मग फाटक्याचे कशाला? ते आधीच रडत आलेलं असतं," असं म्हणायची. त्यामुळे तिच्या खिडकीशी दिवसभर कुणी ना कुणी उभं असायचं. कुणाचा खिसा उसवलेला, कुणाच्या दप्तराचा पट्टा तुटलेला. टाका घालून होईपर्यंत माणूस बोलणारच. गल्लीतली कुठलीही बातमी आधी त्या खिडकीत यायची आणि मग बाकी जगात जायची.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मशीन आणि कापड बेतायचं लांब टेबल, मागे स्वयंपाक, आणि मागच्या दाराशी नगरपालिकेचा नळ. नळाखाली निळा पिंप. दर रविवारी ती तो पिंप आडवा पाडून, आत अर्धी शिरून घासायची. लेक लहान असताना ओरडायची, "आईला पिंपानं गिळलं!"

आई गेली तेव्हा टाकेबाई तेरा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ पाच. बाप ट्रकवर, घरात असून नसल्यासारखा. सातवीत शाळा सुटली आणि शेजारच्या शिवणवालीकडे काज-बटणाचं काम सुरू झालं. धाकट्याला अक्षरं आणि आकडे तिनंच शिकवले, तिथल्या बेतायच्या टेबलावर, कापडावर खुणा करायच्या खडूनं. पोरगा हुशार, पण शून्य काढताना त्याचं टोक कधी टोकाला मिळायचं नाही, वर फट राहायचीच. ती टपली मारायची. "शून्याचं तोंड मिट रे, सगळं सांडेल त्यातून!" तो हसायचा आणि पुढचं शून्यही तसंच काढायचा.

मोठा झाल्यावर धाकटा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात लागला. शहराबाहेरच्या पंपघरावर काम, रोजंदारी. आज कायम करतील, उद्या करतील, यात अकरा वर्षं गेली. "माझं काम काय, बटण दाबायचं. पाणी चढलं की बंद करायचं," तो सांगायचा. ती अभिमानानं लोकांना सांगायची, "तुमच्या नळाला येतं ना, ते माझ्या भावानं सोडलेलं."

टाकेबाईला एकच लेक. नवरा गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मशीनच्या आवाजात अभ्यास करून ती शिकली, बालवर्गाची शिक्षिका झाली. लग्न होऊन चार तासांवरच्या गावी गेली. जावई बस डेपोत मेकॅनिक, शांत माणूस. दिवस गेले तसा लेकीचा फोन आला. "आई, मी इथंच राहते. दवाखाना जवळ आहे, डॉक्टरही ओळखीची झालीय."

"आणि मी काय इथं झबली शिवून भिंतीवर टांगू?" टाकेबाई म्हणाली. "पहिली खेप आहे. आईपाशी ये."

"अगं, तिथं उन्हाळा किती असतो…"

"पंखा नवीन घेते. ये म्हटलं ना!"

टाकेबाईच्या हट्टापुढे कुणाचं चालत नसे. मेच्या मध्याला लेक आली, सातवा लागला होता. महिना-दीड महिना त्या घरात जे सुख होतं, ते टाकेबाईला पुढे आठवावंसं तर वाटे आणि आठवलं की सोसवत नसे. लेक खुर्ची ओढून मशीनपाशी बसायची, बालवर्गातल्या पोरांच्या नकला करायची. खिडकीशी आलेल्या गिऱ्हाइकांना म्हणायची, "आमची आई हेरखातं चालवते, शिवण हे फक्त वरवर." धाकटा संध्याकाळी भाचीला भेटायला यायचा, येताना हातात काहीतरी असायचंच.

जुलैत लेकीला ताप आला. मग अन्नावरची वासना उडाली. चौथ्या दिवशी टाकेबाईनं तिचे डोळे पाहिले आणि तशीच रिक्षा बोलावली.

डॉक्टर तरुण होता, तीन दिवस न झोपल्यासारखा. "कावीळ आहे. तुमच्या भागातली आजची ही सहावी," तो म्हणाला. "एरवी माणूस यातून उठतो. पोटुशी बाईला ही फार वाईट." मग कागदावर लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"नळाचं."

"उकळून?"

"नाही. नळाचं आहे ना ते."

त्यानं फक्त लिहिलं.

पाचव्या दिवशी लेक गेली. पोटातलं बाळ आदल्या दिवशीच गेलं होतं. त्या साथीत त्या भागातली अकरा माणसं गेली, त्यात गरोदर बायका तीन.

जावई तिला न्यायला आला होता तसाच परत निघाला, एकटा. दारात चपला घालताना म्हणाला, "तिकडंच राहिली असती तर…" आणि थांबला. त्याच्या मनात दोष द्यायचं नव्हतं, बोलून गेला इतकंच. पण पुरं वाक्य माणूस विसरतो, अर्धं वाक्य राहतं.

त्याच आठवड्यात पेपरात आलं. नगरपालिकेच्या पाण्याची रोज दोनदा तपासणी होते, पाणी पूर्ण शुद्ध आहे. साथ नागरिकांनी टाक्या आणि भांडी स्वच्छ न ठेवल्यामुळे पसरली. मग एक निरीक्षक घरोघर फिरला. टाकेबाईच्या मागच्या दाराशी आला, पिंपात डोकावला, फॉर्मवर एका चौकोनात खूण केली.

"काय लिहिलंत?" तिनं विचारलं.

"अस्वच्छ."

"दर रविवारी घासते मी. आत शिरून."

"घासलं म्हणजे स्वच्छ होतं असं नाही, बाई," तो म्हणाला आणि पुढच्या दाराला गेला.

तो गेल्यावर तिनं पिंप आडवा पाडला आणि घासायला बसली. राखेनं घासला, साबणानं घासला, विटेच्या तुकड्यानं घासला. बोटांची सालं निघाली. शेजारीण धावत आली, तिनं हात धरले तेव्हा थांबली. नंतर पुष्कळांनी टाकेबाईला विचारलं, की एवढ्या मोठ्या लोकांशी भांडायची हिंमत कुठून आणली. ती खरं तेच सांगायची. भांडायचं तिच्या मनातही नव्हतं. आपल्या पिंपानं आपली लेक मारली का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

नगरपालिकेच्या फाटकाबाहेर एक म्हातारा टाइपरायटर घेऊन बसायचा. चाळीस वर्षं त्याच इमारतीत कारकुनी करून निवृत्त झालेला. सगळे त्याला अजून हेडक्लार्कच म्हणत. लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. टाकेबाई त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "लिहा. माझी लेक का मेली?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, ‘का’ विचारायचं नाही. ‘का’चं उत्तर द्यायला ते बांधलेले नाहीत. आपण कागद मागायचा. माहिती अधिकारात कागद द्यावाच लागतो."

"कुठला कागद?"

"ते म्हणतात रोज दोनदा तपासलं. तपासलं म्हणजे कुठंतरी लिहिलं असेल. ती वही मागू. मे, जून, जुलै. बस्स." तो टाइप करू लागला. "मोठा प्रश्न हे लोक पाण्यासारखा गिळतात. बारीक प्रश्न काट्यासारखा अडकतो."

अर्ज दिला त्या दिवशी धाकटा घरी आला. भाची गेल्यापासून तो अर्धा झाला होता. तिनं त्याला अर्जाची पोच दाखवली. त्यानं ती कितीतरी वेळ हातात धरली.

"ताई, सोड हे," तो म्हणाला. "कागदानं माणूस परत येतं का?"

"परत आणायला नाही रे मागितला."

"मग कशाला?"

तिनं पोच परत घेऊन खणात ठेवली. भावाला आपली काळजी वाटते, असंच तिनं मनाशी धरलं.

महिन्यानं उत्तर आलं, मागितलेली माहिती मोठी असल्यानं देता येत नाही. हेडक्लार्क म्हणाला, "छान. म्हणजे आहे." दुसरा अर्ज दिला, फक्त जून मागितला. त्याला उत्तर आलं की नोंदवही वाळवीनं खाल्ली. हेडक्लार्क मोठ्यानं हसला. "ह्या वाळवीला मी ओळखतो. माझ्या वेळेपासून आहे. नेमकं मागितलेलंच खाते!" मग वरच्या साहेबाकडे अपील केलं. सुनावणीला टाकेबाई एकटी गेली. साहेबानं विचारलं, "तुम्ही शिवणकाम करता. पाण्याच्या तपासणीतलं तुम्हाला काय कळणार?"

"मला कळलं नाही तर नाही कळलं," ती म्हणाली. "पण बघू तर द्या. माझी लेक प्यालीय ते पाणी."

साहेबानं फाइल पुढे ओढली. मग त्यानं लिहिलं, की अर्जदाराला मूळ नोंदवही समक्ष पाहू द्यावी. वाळवीनं खाल्लेली वही आठ दिवसांत सापडली. कोपराही कुरतडलेला नव्हता.

जानेवारीतली सकाळ. लांबट खोली, लोखंडी कपाटं, एका टेबलावर लाल फडक्यात बांधलेली वही. समोर एक कारकून पहाऱ्याला, तो मोबाइलमध्ये बघत होता. टाकेबाईनं गाठ सोडली, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. तारीख. सकाळ. संध्याकाळ. पाण्यातल्या क्लोरीनचं प्रमाण. सही, कसलीतरी गिचमीड.

एक मे, ०.५, ०.५. दोन मे, ०.५, ०.५. तीन मे, तेच. सगळा महिना तेच. शिवणवाल्या बाईला एवढं नक्की कळत होतं, की एकाच ठाणातून कापलेलं कापडसुद्धा रोज सारखं भरत नाही. हवेनं आटतं, ताणलं तर वाढतं. मग जून आला. ०.५, ०.५. बोट खाली खाली सरकत गेलं. एकोणतीस. तीस. एकतीस.

ती थांबली. चष्मा काढून पुन्हा लावला. जूनची एकतीस तारीख, सकाळी ०.५, संध्याकाळी ०.५, पाणी शुद्ध. जगात कधी न उजाडलेल्या दिवशीही त्यांनी पाणी तपासलं होतं. कुणीतरी एका बैठकीत, एका पेनानं, ओळीनं सगळा महिना भरला होता आणि भरता भरता हात थांबायचा राहिला होता.

आणि मग, आकड्यांचा अर्थ कळून चुकल्यावर, तिला ते आकडे दिसले. नुसते आकडे, आकार म्हणून. प्रत्येक शून्याला वर फट होती. एकाही शून्याचं तोंड मिटलेलं नव्हतं.

किती वेळ गेला कळलं नाही. कारकुनानं विचारलं, "झालं का बाई?" ती म्हणाली, "जूनची प्रत द्या. पूर्ण महिन्याची." आपलाच आवाज तिला कुणा दुसऱ्याचा वाटला.

बाहेर हेडक्लार्कनं प्रत पाहिली आणि उठून उभाच राहिला. "एकतीस जून! बाई, हे सोनं आहे! हा एक कागद पुरे!" तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो खाली बसला. "काय झालं?" तिनं प्रतीची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि भावाच्या घराकडे चालू लागली.

दुपार होती. भाऊ कामावर, पोरं शाळेत. भावजय साधी, मनात काही न ठेवणारी बाई. "या ना ताई, उन्हातून आलात," म्हणत तिनं पाणी दिलं. पाणी कोमट होतं. टाकेबाईनं शेगडीकडे पाहिलं. मोठं पातेलं, झाकण अर्धवट, वाफ निघत होती.

"पाणी उकळता?"

"दीड वर्ष झालं बाई. ह्यांचा हट्टच आहे. एक दिवस चुकला तर अंगावर येतात. पोरं कंटाळली, म्हणतात आत्याकडे कसं गार पाणी मिळतं…" ती बोलत होती. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. तिनं टाकेबाईकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि तोंडावर पदर धरला. तिलाही ते त्याच क्षणी उमगलं होतं.

दोघी तिथंच बसून राहिल्या. साडेपाचला धाकटा आला. बहिणीच्या मांडीवर तो कागद पाहून दारातच थबकला. मग आत येऊन तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

"अजून शून्याचं तोंड मिटता येत नाही तुला," ती म्हणाली.

त्याला रडू कोसळलं. रडता रडता त्यानं सगळं सांगितलं. क्लोरीनची पिंपं कागदावर यायची. खरी यायची ती महिन्यातून एखादं, तेही अर्धं. तपासायचं औषध तर वर्षभर संपलेलंच होतं. इंजिनिअर साहेब म्हणाले, तू वही भरत जा, पुढच्या यादीत तुझं नाव कायममध्ये घालतो. महिनाअखेरीला बसून तो भरायचा. त्याआधी कधी आजार पसरला नव्हता, म्हणून चालून गेलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस का, ताई? सगळी गल्ली तुझ्या खिडकीशी. दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली असती."

"आणि तिला?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले. "तिला एकदा म्हणालो होतो," तो म्हणाला. "पाणी उकळून पीत जा हं, असं. ती हसली. म्हणाली, मामा, एवढ्या उन्हात गरम पाणी? आईच्या पिंपातलं किती गार असतं. मग… मीपण हसलो."

टाकेबाईला त्याला मारावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा, टपली नव्हे, खरंच मारावंसं. हात उचललाही तिनं. तो तसाच बसून राहिला, खांदे पाडून, पाच वर्षांचा असताना बसायचा तसा. उचललेला हात तिनं आपल्याच कपाळाला लावला.

निघताना ती म्हणाली, "तू स्वतः जाऊन लिहून दे. कोणी सांगितलं, कसं चाललं होतं, सगळं. खरं सांगितलंस तर तुझा गुन्हा हलका होईल आणि मोठे पकडले जातील."

"होईल असं?"

"होणारच," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

हेडक्लार्कला तिनं अक्षर कुणाचं ते सांगितलं तेव्हा म्हातारा अस्वस्थ झाला. "बाई, जरा दमानं घ्या," तो म्हणाला. "मी चाळीस वर्षं पाहिलंय. लहान माणसानं खरं सांगितलं की ते त्याच्याच गळ्यात बांधतात." पण तोवर धाकटा जाऊन आला होता. सहा पानं लिहून दिली होती, खाली पूर्ण नावानं सही.

पेपरात एकतीस जून छापून आला तेव्हा शहरात खळबळ उडाली. लोक हसलेही. कुणी नगरपालिकेच्या दाराला नवीन कॅलेंडर टांगलं. मोर्चा निघाला, टाकेबाईला पुढे चालायला लावलं. पंधरा दिवसांत पोलिसांनी दोघांना अटक केली, धाकट्याला आणि स्टोअरमधल्या एका हमालाला. इंजिनिअर साहेबांनी जबाब दिला, की कर्मचाऱ्यानं दिलेल्या नोंदींवर आपण विश्वास ठेवला, आपलीही फसवणूक झाली. साहेबांची चौकशी नेमली गेली आणि त्यांची बदली झाली. बदलीच्या गावी त्यांचं पद एक पायरी वरचं होतं.

खटला दोन वर्षं चालला. मधल्या काळात धाकटा जामिनावर होता, पण त्याला काम कोण देणार? ज्यांच्या घरची माणसं गेली होती ते त्याला पाहून रस्त्यात थुंकत. टाकेबाईला ते कळायचं; तिला त्यांचा रागही करता येत नव्हता. भावजय पोरांना घेऊन आपल्या आईकडे गेली. जाताना नणंदेला भेटली नाही.

शेवटी शेवटी टाकेबाईला साक्षीला बोलावलं. कोर्टाची खोली लहान, पंख्याचा खडखडाट. सरकारी वकिलानं वहीचं पान तिच्यापुढे धरलं.

"हे अक्षर ओळखता?"

"हो."

"कुणाचं आहे?"

ती पिंजऱ्याकडे बघत नव्हती, पण तो कुठे उभा आहे ते तिला पाठीतूनसुद्धा कळत होतं.

"माझ्या भावाचं."

"खात्रीनं कसं सांगता?"

"मीच शिकवलंय त्याला," ती म्हणाली. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाली, "साहेब, पण हे त्याच्या मनानं लिहिलेलं नाही. त्याला सांगणारा…"

"विचारलं तेवढंच सांगा, बाई," वकील म्हणाला.

निकालाच्या दिवशी बाहेर पॅसेजमध्ये पोलीस त्याला घेऊन चालले होते. ती भिंतीला टेकून उभी होती. समोरून जाताना तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ताई, सकाळपासून काही खाल्लंस का?" ती उत्तर द्यायच्या आत त्याला पुढे नेलं.

अडीच वर्षांची शिक्षा झाली.

एक मात्र झालं, ते सांगायला हवं. पंपघरावर आता खरं क्लोरीन येतं. नगरपालिकेच्या फाटकाशी फळा लावलाय, त्यावर रोजचा आकडा लिहितात, ०.४, ०.६, ०.३; कधी कमी, कधी जास्त. टाकेबाईच्या गल्लीत त्यानंतर काविळीनं कुणी गेलं नाही. खिडकीशी येणाऱ्या बायका उसवलेल्या कपड्यांबरोबर कागदही आणू लागल्या. कुणाची विधवेची पेन्शन अडकलेली, कुणाच्या पोराच्या शाळेचं छत गळणारं. ती त्यांना शांतपणे सांगायची, कुठला कागद मागायचा ते. त्या तिला आशीर्वाद द्यायच्या, तिच्या हिमतीचं कौतुक करायच्या. ती सुईत दोरा ओवत राहायची.

पिंपाचा दोष नव्हता, हे आता तिला ठाऊक होतं. कळलं की छातीवरचं उतरेल असं तिला वाटलं होतं. ते उतरलं नाही. लेकीला हट्टानं बोलावून घेतलं ते तिनं, आणि भावाला कागदावर सही करायला लावली तीही तिनंच.

तुरुंग दुसऱ्या गावी होता. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती जायची. जाळीच्या अलीकडे ती, पलीकडे तो. पहिले काही महिने बोलणं पोरांच्या परीक्षांपलीकडे जात नसे, आणि त्या परीक्षांचं तरी तिला काय माहीत होतं? जावयानं दुसरं लग्न केल्याचं तिनं त्याला सांगितलं तेव्हा तो फक्त "बरं झालं" म्हणाला. भाचीचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही.

इंजिनिअरच्या चौकशीचं काय झालं, म्हणून ती दर तीन महिन्यांनी अर्ज टाकत होती. उत्तर ठरलेलं, चौकशी प्रगतिपथावर आहे. एकदा ते उत्तर तिनं जाळीला लावून त्याला दाखवलं. त्यानं ते वाचलं आणि इकडेतिकडे पाहून पुढे झुकला.

"ताई, पोलिसांनी माझी वही नेली. स्टोअरची नेली नाही."

"कुठली?"

"आवक-जावकची. पिंप आलं-गेलं की त्यात लिहायचं. अर्ध्या पिंपाला पूर्ण पिंप म्हणून त्या वहीत प्रत्येक ओळीला साहेबांची स्वतःची सही आहे. हिरव्या शाईत. ती माग."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा वाटलं होतं, निदान ती वही झाकली तर साहेब सोडवतील," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. "माग तू ती. ती मिळाली की पुन्हा केस उघडेल. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण तो सुटायला नको."

ती स्टेशनवरून थेट हेडक्लार्कच्या घरी गेली. म्हातारा आता फाटकाशी बसत नसे, हात थरथरायचे. पण त्यानं तो अर्ज स्वतः टाइप केला, तीन ओळींचा.

उत्तर वेळेत आलं, तिसाव्या दिवसाच्या आत. सदर नोंदवहीची जतन करण्याची तीन वर्षांची मुदत संपल्यानं ती नियमानुसार नष्ट करण्यात आली आहे. तारीख दिली होती. अर्ज पोचला त्याच्या नऊ दिवस आधीची.

टाकेबाईनं ते पत्र दोनदा वाचलं. घडी घालून मशीनच्या खणात ठेवलं, बॉबिनांच्या खाली.

दुसऱ्या रविवारी ती गेली. तो आधीच जाळीशी येऊन उभा होता, दाढी केलेली, केस नीट बसवलेले. ती समोर येऊन बसायच्या आत त्यानं विचारलं, "आलं का उत्तर?"

"नाही रे," ती म्हणाली. "अजून यायचंय."

"येईल," तो म्हणाला. "त्यांना वेळ लागतो."

"हो," ती म्हणाली. "लागतो वेळ."